अंधारात पळण्यासाठी हेडलॅम्प निवडताना खोक्यावरच्या आकड्यांआधी काय पाहाल

हेडलॅम्पच्या, म्हणजे कपाळावर बांधायच्या दिव्याच्या, खोक्यावर दोन आकडे सर्वांत मोठ्या अक्षरांत असतात: किती ल्युमेन (दिव्यातून बाहेर पडणाऱ्या एकूण उजेडाचं माप) आणि किती तास. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असू शकतात, पण एकाच वेळी नाही. ल्युमेन असतात सर्वांत प्रखर मोडचे आणि तास असतात सर्वांत मंद मोडचे. पळणारा माणूस या दोन टोकांवर फारसा नसतोच. त्याचं पळणं होतं मधल्या मोडवर, आणि त्या मोडबद्दल खोक्यावर बहुधा काहीच ठळक लिहिलेलं नसतं.

मला हे कळलं ते एका रात्रीच्या लांब पळण्यात. डोंगरातली पायवाट, सोबत कुणी नाही, डोक्यावर नवाकोरा, भरपूर ल्युमेनचा दिवा. मधल्या मोडवर तो तीन तास तरी टिकेल असं मी धरून चाललो होतो. दीड तास झाला आणि उताराच्या मध्यावर उजेड एका क्षणात इतका खाली आला की समोरचे दगडच दिसेनासे झाले. आधी कसली सूचना नाही. डोळे प्रखर प्रकाशाला सरावलेले, त्यामुळे उरलेला मिणमिणता उजेड असून नसल्यासारखा. एक पाय हवेत होता. तो कुठे पडला ते दिसलं नाही, फक्त खडी सरकल्याचा आवाज आला. पडलो नाही, पण उरलेले चार किलोमीटर फोनचा दिवा हातात धरून चालत उतरलो. घरी येऊन खोकं काढलं तेव्हा मधल्या मोडचे तास आतल्या घडीच्या कागदावर बारीक अक्षरांत सापडले. तेव्हापासून कोणताही दिवा मी त्याच्या मधल्या मोडवरून जोखतो. वजन, झोत, बॅटरी, सगळं.

आधी आपल्या पळण्याची नोंद काढा

दिवे बघायला लागण्याआधी एक कागद घ्या. गेल्या महिन्यात अंधारात किती वेळा पळलात, कुठे पळलात आणि दर वेळी खरा अंधार किती मिनिटं होता, एवढंच लिहा. पहाटे निघणाऱ्याच्या तासाभराच्या पळण्यात अंधार अनेकदा पहिली चाळीस मिनिटंच असतो, आणि तेव्हा पाय ताजे असतात. संध्याकाळी निघणाऱ्याचं उलट. त्याचा अंधार शेवटी येतो, पाय जड झाल्यावर, पाऊल नीट उचललं जात नसताना. त्याला जमिनीवर जास्त उजेड लागतो. अंतर सारखं असलं तरी गरज सारखी नसते.

मग जमीन. रस्त्यावर दिवे आहेत का? बिनदिव्याचा डांबरी रस्ता आहे का? की दगड, मुळ्या आणि ओघळींची पायवाट? आणि तुमचा वेग. सहा मिनिटांत एक किलोमीटर या वेगाने पळताना तुम्ही सेकंदाला साधारण २.८ मीटर पुढे जाता. दगड दिसणं, मेंदूने तो ओळखणं आणि पाऊल वळवणं यासाठी दोन सेकंद धरले तरी साडेपाच-सहा मीटर झाले. उतारावर साडेचार मिनिटांच्या वेगाने उतरत असाल तर सेकंदाला ३.७ मीटर, इथे थांबायलाही वेळ लागतो म्हणून तीन सेकंद धरा, म्हणजे अकरा मीटर. पळणाऱ्याला खरा स्वच्छ उजेड हवा असतो तो पायापासून दहा-पंधरा मीटरपर्यंत. त्यापलीकडे वाट कुठे वळते एवढं कळलं तरी भागतं.

वर्षातून एकदा येणारी रात्रभराची शर्यत डोळ्यांसमोर ठेवून दिवा घेऊ नका. आठवड्यातून तीनदा जिथे पळता त्यासाठी घ्या. शर्यतीसाठी एखाद्या रात्रीपुरता मोठा दिवा मित्राकडून मागून आणता येतो. रोजचा अस्वस्थ दिवा मात्र हळूहळू खुंटीवरच राहतो आणि आपण अंधारात तसेच निघायला लागतो.

मग कपाळ

दिवा आरामदायक आहे का, हे शेवटी तपासायची गोष्ट आहे असं अनेकांना वाटतं. मी ती पहिली ठेवतो, कारण बाकी सगळं उत्तम असून डोकं दुखणार असेल तर तो दिवा वापरला जात नाही.

वजनाचे ढोबळ तीन गट पडतात. ३० ते ५० ग्रॅमचे अगदी छोटे दिवे, ७० ते १०० ग्रॅमचे सर्वसाधारण दिवे, आणि १५० ग्रॅमच्या पुढचे मोठे, ज्यांची बॅटरी बहुतेक वेळा डोक्याच्या मागे असते. पण निव्वळ ग्रॅम मोजून फसगत होते. महत्त्वाचं हे की वजन कपाळापासून किती बाहेर आलंय. ९० ग्रॅमचा जाड, पुढे आलेला दिवा प्रत्येक पावलाला मान डोलावतो. तेवढ्याच वजनाचा चपटा, कपाळाला चिकटून बसणारा दिवा हलतही नाही. दिवा बोटात धरून बाजूने बघा. त्याची जाडी जितकी कमी तितकं चांगलं.

बॅटरी मागे असली की वजन पुढे-मागे वाटलं जातं आणि दीडशे ग्रॅमसुद्धा समतोल वाटतं. त्याची किंमतही असते: जॅकेटची टोपी वर घेताना मागचा डबा अडतो, उंच कॉलरला तो घासतो, आणि पुढून मागे जाणारी वायर हा आणखी एक तुटू शकणारा भाग. रोजच्या तासाभरासाठी मला एकसंध, पुढेच बॅटरी असलेला, शंभर ग्रॅमच्या आतला दिवा बरा वाटतो. तीन तासांच्या पुढे गेलात की मागच्या बॅटरीचा विचार करा. डोक्यावरून जाणारा तिसरा पट्टा १२० ग्रॅमच्या पुढे खरोखर कामाला येतो. त्याखाली तो नुसता उकाडा वाढवतो. काढता येणारा असेल तर उत्तम.

पट्ट्याबद्दल सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे घट्ट पट्टा स्थिर असतो. तसं नाही. पट्टा स्थिर राहतो तो योग्य जागी बसला म्हणून. पुढे तो भुवयांच्या वर, कपाळाच्या सपाट भागावर हवा. मागे डोक्याच्या हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो त्याच्या खाली. मागची बाजू उंचवट्याच्या वर राहिली की पट्टा पळताना हळूहळू वर चढतो, आपण तो आवळतो, तो पुन्हा चढतो, आणि अर्ध्या तासात कपाळ ठणकू लागतं. जागा बरोबर असेल तर पट्ट्याखाली एक बोट सहज सरकेल एवढी ढिलाई पुरते.

कापड हाताळून बघा. कपाळाला लागणारी बाजू मऊ आणि घाम शोषणारी हवी. आतून रबराच्या रेघा असलेले पट्टे टोपीवरून किंवा निसरड्या केसांवरून चांगले पकडतात, पण उघड्या त्वचेवर घामाचे ओघळ त्या रेघांच्या कडेने वळतात आणि नेमके भुवईच्या टोकाशी येऊन डोळ्यात उतरतात. बारीक दोरीचे पट्टे वजनाला हलके, पण तासाभराने दोरीची रेघ कपाळावर उमटते. दिव्याची पाठ, म्हणजे कपाळावर टेकणारी प्लास्टिकची बाजू, वक्र आहे की सपाट हेही बघा. सपाट पाठ थोड्याच जागी टेकते आणि सगळा दाब तिथेच पडतो.

काही गोष्टी ज्याच्या त्याच्या डोक्यावर अवलंबून. उंच पोनीटेल असेल तर पट्टा तिच्या खालून जातो की वरून, आणि कुठे स्थिर राहतो, ते केस बांधूनच तपासा. अंबाडा खाली असेल तर मागची बॅटरी त्याच्यावर येते. डोक्यावर केस नसतील तर पातळ कापडी पट्टी खाली घालून बघा, घसरणं थांबतं. टोपी घालून पळणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की टोपीची छत्री झोताचा खालचा भाग कापते, म्हणजे नेमका पायाजवळचा उजेड जातो. छत्री मागे फिरवा किंवा दिवा टोपीच्या वर अगदी पुढच्या कडेला बसवा. चष्मा असेल तर चष्मा घालूनच बघा. फ्रेमच्या वरच्या कडेवर झोत पडत असेल तर काचेच्या माथ्यावर एक पांढरी चमक सतत दिसत राहते आणि ती फार छळते.

आता घरातली एक परीक्षा, जी मी प्रत्येक दिव्याची घेतो. खोली पूर्ण अंधारी करा. भिंतीपासून तीन मीटरवर उभे राहा, दिवा मधल्या मोडवर लावा आणि जागच्या जागी पळा. भिंतीवरच्या प्रकाशाच्या गोळ्याकडे बघा. डोकं वर-खाली होतंय तेवढा तो वर-खाली होणारच. पण पाऊल टेकल्यानंतरही गोळा थरथरत असेल, तर दिवा कपाळावर नीट टेकलेला नाही. गोळा प्रत्येक पावलागणिक किंचित खाली सरकत चालला असेल, तर बिजागरी ढिली आहे. दोन मिनिटांनी गोळा सुरुवातीच्याच उंचीवर असेल तर दिवा पास. त्यानंतर तो डोक्यावर तसाच ठेवून वीस मिनिटं घरातली कामं करा. दिवा आहे हे विसरलात तर बसला म्हणायचं.

झोत कसा आहे

झोताचे दोन स्वभाव. एक अरुंद आणि लांब जाणारा, दुसरा पसरट आणि जवळचा. नुसत्या अरुंद झोतात पळणं म्हणजे नळीतून बघत पळणं. उजेडाच्या कडेला गडद अंधार असतो, तो गोळा डोक्याबरोबर नाचतो आणि काही जणांना त्याने चक्क मळमळतं. नुसत्या पसरट झोतात पायाजवळचं सगळं दिसतं, पण वाट कुठे वळते ते उशिरा कळतं. पळण्यासाठी दोन्हींचं मिश्रण हवं, आणि मधल्या भागाकडून कडेकडे उजेड हळूहळू विरत जाणारा हवा. भिंतीवर झोत टाकून बघा. मधे झगझगीत ठिपका आणि भोवती स्पष्ट कडेचं वर्तुळ दिसलं, तर तो दिवा दुसऱ्या कामाचा.

खोक्यावर झोताचं अंतर मीटरमध्ये दिलेलं असतं. ते कसं मोजतात हे कळलं की तो आकडा वाचता येतो. टॉर्च आणि हेडलॅम्पसाठी ‘एएनएसआय एफएल-१’ नावाचं मानक आहे, पहिल्यांदा २००९ मध्ये आलेलं. त्यानुसार झोताचं अंतर म्हणजे जिथे प्रकाश पाव लक्सवर येतो ती जागा. लक्स हे एखाद्या जागेवर किती उजेड पडतो त्याचं माप. पाव लक्स म्हणजे निरभ्र रात्रीच्या पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड. म्हणजे १०० मीटर लिहिलेल्या दिव्याचा उजेड शंभर मीटरवर चांदण्याएवढाच असतो. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात विरत जातो, म्हणून त्याच दिव्याचा पन्नास मीटरवर १ लक्स आणि दहा मीटरवर २५ लक्स. पळणाऱ्याचं काम त्या दहा मीटरवर आहे. आणि त्याच नियमामुळे झोताचं अंतर दुप्पट करायचं तर तीव्रता चौपट करावी लागते, बॅटरीही त्या मानाने जळते. शंभर मीटरचा दिवा सोडून दोनशेचा घेण्याआधी हा हिशेब मनात असू द्या. हा आकडा सर्वांत प्रखर मोडचा आहे, हेही.

रंगाचा मुद्दा अनेकजण सोडून देतात. निळसर पांढरा प्रकाश आकड्यांत तेजस्वी दिसतो, पण त्यात माती, वाळलेला पाला आणि दगड एकाच राखाडी रंगाचे वाटू लागतात. ४००० ते ५००० केल्विनच्या (हे प्रकाशाच्या रंगछटेचं माप) आसपासचा, किंचित उबदार पांढरा प्रकाश पायवाटेवर मला बराच सोयीचा वाटतो, कारण ओली मूळ आणि सुकी माती वेगळी ओळखू येते. सपाट रस्त्यावर याने फारसा फरक पडत नाही.

सावल्यांचंही एक गणित आहे. हेडलॅम्प डोळ्यांच्या अगदी जवळ असतो, त्यामुळे दगडाची सावली दगडामागेच लपते आणि जमीन सपाट भासते. कमरेला लावलेला दिवा खालून तिरका प्रकाश टाकतो. सावल्या लांब पडतात आणि दोन बोटं उंचीचा दगडसुद्धा उठून दिसतो. धुक्यात तर हा फरक थेट जाणवतो. कपाळावरचा झोत डोळ्यांसमोरच्या थेंबांवरून परत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. थंडीत स्वतःच्या श्वासाची वाफही तेच करते. अशा वेळी उजेड वाढवू नका, कमी करा, आणि दिवा डोक्यावरून काढून हातात किंवा कमरेपाशी धरा. म्हणूनच पट्टा लांबवून कमरेला बांधता येणारा दिवा माझ्या लेखी जास्त उपयोगी.

ल्युमेन किती

हे थोडक्यात. दिवे असलेल्या रस्त्यावर ५० ते १०० ल्युमेन पुरतात. तिथे दिवा आपण दिसावं म्हणूनच जास्त असतो. बिनदिव्याच्या रस्त्यावर १५० ते २५०. पायवाटेवर २०० ते ४००. अवघड, दगडी उतार वेगाने उतरायचा असेल तर त्यापुढे. हे आकडे तुम्ही सतत वापराल त्या मोडचे आहेत. म्हणून पायवाटेसाठी २०० ल्युमेन हवे असतील तर कमाल क्षमता चारशे-पाचशे असलेला दिवा घ्या, म्हणजे तो मधल्या मोडवर निवांत चालेल, तापणार नाही, आणि उतारावर हात लावताच थोडा जास्त उजेड शिल्लक असेल. कमाल आकड्यावर दिवा फार वेळ राहत नाहीच. एलईडी तापली की बहुतेक दिवे काही मिनिटांतच आपणहून उजेड उतरवतात.

बॅटरीचा हिशेब स्वतः करा

माझ्या त्या उतारावरच्या रात्रीचं मूळ इथे आहे, म्हणून इथे सावकाश जाऊ.

झोताच्या अंतरासाठी जे एफएल-१ मानक पाहिलं त्याच मानकानुसार, दिवा किती तास चालतो हे मोजायला सुरुवात होते दिवा लावल्यावर तीस सेकंदांनी, आणि मोजणी थांबते उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर आल्यावर. म्हणजे ४०० ल्युमेनचा मोड ‘तीन तास’ असं लिहिलं असेल, तर तिसऱ्या तासाच्या शेवटी तुमच्यासमोर ४० ल्युमेन असतात. वाटेत कधी किती होते ते आकडा सांगत नाही. काही दिवे नियंत्रित असतात: उजेड एका पातळीवर टिकवून धरतात आणि बॅटरी संपत आली की एकदम मंद राखीव मोडवर येतात. काही दिवे पहिल्या मिनिटापासून हळूहळू उतरत जातात. पहिल्या प्रकारात पळताना उजेड भरवशाचा, पण शेवट अचानक. त्यात सूचना देणारा दिवा किंवा उघडझाप असायलाच हवी. दुसऱ्या प्रकारात शेवट कळतो, पण डोळे उतरत्या उजेडाला सरावत जातात आणि आपण कमी उजेडात पळतोय हेच लक्षात येत नाही. मी नियंत्रित दिवा घेतो आणि सूचना कशी मिळते ते आधी तपासतो.

खोक्यावरचा दावा पटण्यासारखा आहे का, हे कागदावर काढता येतं. बॅटरीवर एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची साठवण) आणि व्होल्ट लिहिलेले असतात. १२५० एमएएच आणि ३.७ व्होल्ट म्हणजे १.२५ गुणिले ३.७, साधारण ४.६ वॉट-तास. चांगल्या हेडलॅम्पमधून सगळी गळती जमेस धरून एका वॉटला शंभरेक ल्युमेन मिळतात असं ढोबळ धरा. म्हणजे या बॅटरीत आहेत ४६० ‘ल्युमेन-तास’. २०० ल्युमेनवर सव्वादोन तास. ४०० वर तासाभरापेक्षा थोडं जास्त. आणि त्याच दिव्यावर ‘१०० तास’ लिहिलं असेल तर ते पाच ल्युमेनपेक्षाही कमी उजेडाचे तास आहेत, तंबूत चपला शोधण्यापुरते. १८६५० प्रकारचा सेल, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, ३००० एमएएचचा असेल तर जवळपास १०.८ वॉट-तास देतो. २०० ल्युमेनवर पाच तासांहून जास्त. पण तो सेल एकटाच पंचेचाळीस-पन्नास ग्रॅमचा असतो. दिवा अधिक वेळ चालणं म्हणजे कपाळावर अधिक वजन, याला पळवाट नाही.

मधल्या मोडचे तास तुमच्या सर्वांत लांब नेहमीच्या पळण्याच्या दुप्पट असतील असा दिवा निवडा. दुप्पट एवढ्यासाठी की बॅटरी जुनी होते, आणि थंडीत तिची क्षमता आणखी घटते. कडक थंडीत सुटी बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवावी. गोठणबिंदूखालच्या थंडीत बाहेर राहिलेली लिथियम बॅटरी आधी खोलीच्या उबेला येऊ द्या आणि मगच चार्जिंगला लावा. गोठलेली बॅटरी चार्ज केली तर ती कायमची बिघडू शकते.

बॅटरी आत बंद आहे की काढता येते? बंद बॅटरीचे दिवे हलके आणि चपटे होतात, पाणीही आत कमी जातं. पण काही वर्षांनी बॅटरी दमली की अख्खा दिवाच टाकून द्यावा लागतो, आणि वाटेत संपली तर बदलता येत नाही. काही दिव्यांत चार्ज होणारी बॅटरी काढून त्याच जागी तीन एएए सेल घालता येतात. बहुउपयोगी दिवा हवा असेल तर मी याच प्रकाराकडे बोट दाखवेन. प्रवासात, चार्जिंगची सोय नसताना, सेल कुठेही मिळतात. फक्त सेलवर कमाल उजेड बहुधा कमी मिळतो, हे धरून चला. चार्जिंगचं तोंड यूएसबी-सी असावं, आणि त्यावरचं रबरी झाकण बोटाने दाबून नीट बसतं का ते बघा. चार्जिंग चालू असताना दिवा लागतो का, हे रात्रभर पळणाऱ्यांनी आवर्जून विचारावं.

समोरचा उजेड मोजून आपोआप कमी-जास्त होणारे दिवेही मिळतात. बॅटरी वाचते आणि नकाशा बघायला मान खाली घातली की डोळे दिपत नाहीत. पण धुकं, श्वासाची वाफ किंवा चमकणारी पाटी समोर आली की त्यांना वाटतं समोर भरपूर उजेड आहे, आणि ते नको तेव्हा मंद होतात. तो मोड बंद करून हाताने उजेड ठरवता येत असेल तरच घ्या.

बटण आणि बिजागरी

पळता पळता, घामाने ओल्या अंगठ्याने, न बघता बटण सापडलं पाहिजे. दुकानात डोळे मिटून करून बघा, हातमोजे वापरत असाल तर ते घालून. एकाच बटणावर सात मोड असलेला दिवा टाळा. उजेड एक पायरी वाढवायला गेलात आणि मधे लुकलुकणारा मोड किंवा चक्क ‘बंद’ आलं, तर उतारावर तो एक सेकंद फार मोठा असतो. शेवटचा वापरलेला मोड लक्षात ठेवणारा दिवा सोयीचा.

बटणाला कुलूप हवंच. बॅगेत दाबलं जाऊन दिवा आतल्या आत जळत राहतो आणि निघायच्या वेळी बॅटरी रिकामी, हे फार वेळा होतं.

बिजागरी टकटक आवाज करत टप्प्याटप्प्याने वळणारी असावी आणि प्रत्येक टप्प्यावर घट्ट थांबावी. चढावर मान खाली असते, उतारावर वर. दर वेळी दिवा दोन टप्पे हलवावा लागतो. समोरून कुणी आलं की तो खाली करायलाही हीच बिजागरी. समोरच्याच्या डोळ्यांत झोत गेला तर त्याचे डोळे पुन्हा अंधाराला पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात.

पाऊस आणि घाम

पाण्यासाठी आयपीएक्स-४ पुरे, म्हणजे सर्व बाजूंनी उडणारं पाणी सोसतं. मुसळधार पावसात नियमित पळत असाल किंवा ओढे ओलांडत असाल तर आयपीएक्स-७ घ्या. तो एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरतो.

एक दिवा, अनेक कामं

लाल प्रकाश बरेच दिवे देतात. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांची दृष्टी लाल प्रकाशात फारशी बिघडत नाही, म्हणून थांबून नकाशा वाचायला, झोपलेल्या माणसांमध्ये वस्तू शोधायला तो चांगला. पळायला मात्र वापरू नका, लाल प्रकाशात जमिनीचे चढउतार कळत नाहीत. डोक्याच्या मागच्या बाजूला लाल दिवा असेल तर वाहनांच्या रस्त्यावर त्याचा खरा फायदा आहे. तरीही हेडलॅम्प लावला म्हणजे आपण सगळ्यांना दिसतो असं नाही. बाजूने येणाऱ्याला तो नीट दिसत नाही. घोट्यांना चमकणाऱ्या पट्ट्या बांधा. हलणारे पाय बघून चालकाला समोर माणूस आहे हे लगेच कळतं.

सर्वांत मंद मोड खरोखर मंद, पाच-दहा ल्युमेनचा असावा. तंबूत, स्वयंपाक करताना, वाचताना, वीज गेल्यावर हाच मोड लागतो, आणि ज्या दिव्याचा सर्वांत मंद मोडही डोळ्यांत घुसतो तो या कामांना निकामी.

पहिल्या आठवड्यात हे करा

दिवा आणल्यावर बॅटरी पूर्ण चार्ज करा, मधल्या मोडवर लावून पंख्यासमोर ठेवा आणि दर अर्ध्या तासाने बघा. पंखा यासाठी की पळताना दिव्याला वारा मिळतो. बंद खोलीत तो तापून लवकर मंद होईल आणि हिशेब चुकेल. सूचना कधी आली, उजेड कधी पडला, ते घड्याळ बघून लिहा. तो आकडा दिव्याच्या आतल्या बाजूला पट्टीवर चिकटवून ठेवा. खोक्यापेक्षा तोच खरा.

पहिलं पळणं रोजच्या ओळखीच्या वाटेवर करा, थोडं सावकाश, आणि खिशात एक छोटा दुसरा दिवा ठेवा. तीस-चाळीस ग्रॅमचा पुरतो. पायवाटेवर तो माझ्याकडे आजही असतो, मुख्यतः मोठ्या दिव्याची बॅटरी बदलताना तिच्यावर उजेड पाडायला. झोताचा मधला भाग साधारण सहा-आठ मीटर पुढे पडेल असा कोन ठेवा, आणि मान न वाकवता वाट दिसते का बघा. दुसऱ्या दिवशी मान किंवा खांदे आखडले असतील, तर दिवा जड आहे किंवा कोन चुकलाय. आधी कोन बदलून बघा.

महिन्यातून एकदा पट्टा दिव्यापासून सोडवून कोमट पाण्यात साध्या साबणाने हाताने धुवा आणि सावलीत वाळवा. घामाचं मीठ साचलं की इलॅस्टिक कडक होतं, पट्टा खरखरीत लागतो आणि मग आपण नकळत तो जास्त आवळतो. सोडवण्याआधी बकल जिथे बसतं तिथे मार्करने एक बारीक रेघ ओढून ठेवा, म्हणजे धुऊन परत ओवल्यावर पट्टा पहिल्याच खेपेला जागच्या जागी बसतो.